'रिव्हर ऑटर' म्हणजे नक्की कोण? पाणमांजर, उदमांजर की मसन्याऊद? नावांचा घोळ आणि त्यातून होणारं नुकसान

पिशोर (ता. कन्नड) : काही इंग्रजी शब्द असे असतात की त्यांचा मराठी अर्थ विचारला तर एकाच घरात चार उत्तरं मिळतात. 'रिव्हर ऑटर' हा त्यातलाच एक. सेमी इंग्रजीत शिकणारं पोरगं मोबाइल पुढं करून विचारतं, "पप्पा, रिव्हर ऑटर म्हणजे काय?" पप्पा म्हणतात, पाणमांजर. आजोबा म्हणतात, ऊद असेल. आजीला ऊद म्हटलं की मसन्याऊदच आठवतो, आणि ती दिवेलागणीला त्याचं नावसुद्धा काढू देत नाही. हिंदी चॅनल बघणारे काका म्हणतात, ऊदबिलाव. पोराच्या वहीत शेवटी काय लिहिलं जातं, ते त्या दिवशी कुणाचा आवाज मोठा होता त्यावर ठरतं.

वहीत लिहायचं उत्तर एका ओळीचं आहे. रिव्हर ऑटर म्हणजे नदीत, तळ्यात राहणारं पाणमांजर. हिंदीतला ऊदबिलावही तोच. पण मराठीतलं उदमांजर वेगळं जनावर आहे, आणि मसन्याऊद म्हणून ज्याला आपण घाबरतो तेही पाणमांजर नव्हे. हा फरक माहीत नसला की विहिरीत पडलेल्या एखाद्या पाणमांजरावर दगड पडतात. म्हणून हा शब्द जरा नीट समजून घेतलेला बरा.

'रिव्हर' कशाला जोडलं?

तीस-चाळीस वर्षांमागं आपल्याकडं 'गावरान कोंबडी' असं कुणी म्हणत नव्हतं. कोंबडी म्हणजे कोंबडी. ब्रॉयलर आली आणि मग जुन्या कोंबडीला 'गावरान' हे विशेषण लावावं लागलं. जर्सी आली तेव्हा आपली गाय 'देशी' झाली. दुसरं कुणीतरी शेजारी आल्याशिवाय असं विशेषण लागत नाही.

इंग्रजीत 'रिव्हर ऑटर'चं तसंच आहे. अमेरिकेत दोन तऱ्हेचे ऑटर आहेत. एक नद्या, तळी आणि दलदलीत राहणारा. दुसरा प्रशांत महासागराच्या उत्तरेकडच्या किनाऱ्याला समुद्रातच राहणारा, त्याला म्हणतात 'सी ऑटर'. दोन्ही एकाच देशात असल्यानं तिथला माणूस नुसतं 'ऑटर' म्हणाला तर पुढचा विचारणार, कुठला? म्हणून तिथं 'रिव्हर ऑटर' हा शब्द रोजच्या बोलण्यात रुळला. अमेरिकेतल्या पुस्तकात किंवा व्हिडिओत हा शब्द आला तर बहुतेक वेळा तो एका ठरावीक जातीबद्दल असतो. तिचं पूर्ण नाव 'नॉर्थ अमेरिकन रिव्हर ऑटर', शास्त्रीय नाव लॉन्ट्रा कॅनाडेन्सिस. वजन साधारण ५ ते १४ किलो.

इंग्लंडमध्ये मात्र रानात एकच ऑटर आहे. त्यामुळं तिथं नुसतं 'ऑटर' म्हटलं की काम भागतं, 'रिव्हर' जोडायची गरज पडत नाही.

तेव्हा या शब्दाचे दोन अर्थ झाले. नेमका अर्थ, उत्तर अमेरिकेतली ती एक जात. आणि ढोबळ अर्थ, समुद्रातल्या सी ऑटरहून वेगळा, गोड्या पाण्यात राहणारा कुठलाही ऑटर. पोरांच्या पुस्तकात बहुतेक वेळा ढोबळ अर्थच असतो. मराठीत 'पाणमांजर' लिहिलं की दोन्ही वेळा निभावतं. अमेरिकेतलंच सांगायचं असेल तर 'उत्तर अमेरिकेतलं पाणमांजर' असं लिहा. 'नदी ऑटर' किंवा 'नदीचे ओटर' असं अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं लिहिण्यात काही अर्थ नाही.

जगात ऑटरच्या तेरा-चौदा जाती मानल्या जातात. त्यातल्या काहींच्या नावातच 'रिव्हर' आहे. चिली आणि अर्जेंटिनातला 'सदर्न रिव्हर ऑटर', दक्षिण अमेरिकेतला अवाढव्य 'जायंट रिव्हर ऑटर'. हा शेवटचा नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत साडेपाच फुटांपर्यंत भरतो, म्हणजे उंच माणसाएवढा आडवा.

'रिव्हर' म्हटलं म्हणून तो समुद्राच्या पाण्याला शिवतच नाही असंही नाही. गोव्यात मांडवीच्या मुखाजवळ चोडण बेटाच्या खारफुटीत पाणमांजरं राहतात, तिथलं पाणी खारट असतं. नदी हा त्यांचा पत्ता असला तरी तिथंच राहिलं पाहिजे असा नियम नाही.

मोबाइलवर दिसतो तो कुठला?

व्हॉट्सॲपवर आणि यूट्यूबवर ऑटरचे व्हिडिओ भरपूर फिरतात. खालचं शीर्षक हमखास चुकलेलं असतं. ओळखायची सोपी खूण आहे. पाण्यावर पाठ टेकून, पोट वर करून निवांत तरंगतोय, पोटावर शिंपला ठेवून दगडानं फोडतोय, किंवा दोघं एकमेकांचा हात धरून झोपलेत, तर तो सी ऑटर. हा भारतात नाहीच. नर ४५ किलोपर्यंत भरतो, आणि जमिनीवर क्वचितच येतो.

पाच-सहा जणांचं टोळकं नदीतून बाहेर येतंय, अंग झटकतंय, वाळूत लोळतंय, मासा दोन पायांत धरून डोक्याकडून कराकरा खातंय, तर तो आपल्या गटातला. सिंगापूरमध्ये भर शहरात रस्ता ओलांडणाऱ्या ऑटरच्या कुटुंबाचे व्हिडिओ गाजले. ती जात आणि आपल्या महाराष्ट्रात आढळणारी मुख्य जात एकच. सिंगापूरच्या नद्या एकेकाळी घाण झाल्या होत्या. त्या साफ केल्यावर १९९० च्या दशकात ही जनावरं तिथं परत आली आणि आता इमारतींच्या सावलीत पिल्लं वाढवतात.

भारतात तीन जाती आहेत. सगळ्यात जास्त ठिकाणी आढळणारी 'स्मूद-कोटेड ऑटर', म्हणजे तुकतुकीत केसांचं पाणमांजर. वजन ७ ते ११ किलो, शेपटी धरून लांबी साडेतीन फुटांच्या आसपास, शेपटी चपटी, पायाच्या बोटांमध्ये बदकासारखा पडदा. हे कुटुंब करून राहतं. दुसरी 'एशियन स्मॉल-क्लॉड ऑटर', सगळ्यात छोटी, तीनेक किलोची. ती खेकड्यांवर जगते आणि आपल्या बाजूला तिचं घर म्हणजे पश्चिम घाटाचा दक्षिण भाग. तिसरी 'युरेशियन ऑटर', इंग्लंडमध्ये जी आहे तीच. ती बहुधा एकटीदुकटी, रात्री फिरणारी. तिची गोष्ट पुढं येते.

'मांजर' म्हणतो, पण मांजर नाही

पाणमांजराला मांजर का म्हटलं असेल हे चेहरा बघितला की कळतं. मिशा, गोल डोकं, छोटे कान. पण नात्यानं ते मांजराचं कुणीच लागत नाही. मांसाहारी जनावरांच्या दोन मोठ्या शाखा आहेत. एका शाखेत मांजर, वाघ, तरस, मुंगूस आणि उदमांजर. दुसऱ्या शाखेत कुत्रा, कोल्हा, अस्वल आणि ऑटर. म्हणजे पाणमांजर हे मांजरापेक्षा कुत्र्याच्या जवळचं आहे.

दक्षिणेतल्या लोकांनी हे नावातच बरोबर पकडलंय. तमिळमध्ये त्याला 'नीरनाय' म्हणतात, तेलुगूत 'नीटिकुक्का', कन्नड भाषेत 'नीरुनायी'. तिन्हींचा अर्थ पाण्यातलं कुत्रं. (आपला तालुका नावानं कन्नड असला तरी या बाबतीत आपण कन्नड भाषेच्या बाजूनं नाही!) गुजरातीत मात्र आपल्यासारखंच, 'जळबिलाडी'. इंग्रजीतही जुनी पद्धत अशी की नर ऑटरला 'डॉग ऑटर' म्हणायचं. पिल्लाला 'पप' म्हणतात, कुत्र्याच्या पिल्लाला म्हणतात तसंच.

अंगाची रचना पाण्यासाठीच झालेली. केसांचे दोन थर असतात, वरचा लांब केसांचा, आतला दाट लोकरीसारखा. आतल्या थरात हवा अडकून राहते, त्यामुळं कातडी कोरडी राहते. डुबकी मारली की नाक आणि कान आपोआप बंद होतात. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग कमी, तिथं मिशा काम करतात. मासा हलला की पाण्यात होणारी हालचाल मिशांना कळते. याच दाट केसांच्या कातडीसाठी जगभर या जनावराची शिकार झाली.

'ऑटर' आणि आपलं 'उदक'

लग्नात, पूजेत, श्राद्धात 'उदक' शब्द कानावर येतो. उदक म्हणजे पाणी. संस्कृतमध्ये त्याच धातूवरून पाण्यात राहणाऱ्या जनावराला 'उद्र' म्हणत. पालीत तो 'उद्द' झाला आणि हिंदीत 'ऊद'. हजारो वर्षांपूर्वी युरोपातल्या आणि आपल्या भाषांचं मूळ एक होतं. तोच शब्द तिकडं जाऊन इंग्रजीत 'ऑटर' झाला, रशियनमध्ये 'विद्रा', लिथुआनियन भाषेत तर 'ऊद्रा'. इंग्रजीतलं 'वॉटर'ही त्याच घरातलं. म्हणजे ऑटर हा शब्द वाटतो तितका परका नाही. आजोबा 'ऊद' म्हणाले तेव्हा ते मुळापासून चुकलेले नव्हते.

हा 'उद्द' पाली जातककथांत भेटतो. एका कथेत दोन ऊद मिळून नदीतून मोठा रोहित मासा, म्हणजे आपला रोहू, ओढून बाहेर काढतात. वाटणीवरून त्यांचं जुंपतं. तेवढ्यात एक कोल्हा येतो, ते त्यालाच पंच नेमतात. कोल्हा डोकं एकाला देतो, शेपूट दुसऱ्याला, आणि मधला सगळा मासा निवाड्याची फी म्हणून स्वतः घेऊन जातो. बांधावरून कोर्टात गेलेल्या भावांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. अशाच जातककथांची चित्रं अजिंठ्याच्या भिंतींवर आहेत. आपल्या तालुक्यात गौताळ्याच्या जंगलातल्या पितळखोऱ्यात बौद्ध लेणी दोन हजार वर्षांपूर्वी कोरली गेली, त्या काळीही या कथा लोकांच्या तोंडी होत्या.

एक खुलासा इथंच केलेला बरा. कन्नडहून चाळीसगावकडं उतरणारा औट्रम घाट आणि 'गौताळा औट्रमघाट अभयारण्य' यातल्या 'औट्रम'चा ऑटरशी काही संबंध नाही. ते नाव जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्यावरून आलंय.

उदमांजर आणि मसन्याऊद

खरा घोळ इथं आहे. 'ऊद' म्हणजे पाणमांजर असेल तर 'उदमांजर'ही तेच असायला हवं ना? हिंदीचा ऊदबिलाव शब्दशः मराठीत आणला तर 'उदमांजर'च होतो. पण मराठीत उदमांजर हे नाव वेगळ्याच जनावराला आहे. त्याला इंग्रजीत 'सिव्हेट' म्हणतात, पूर्ण नाव 'कॉमन पाम सिव्हेट'. ते झाडावर चढतं, फळं, उंदीर, किडे खातं, जुन्या माळवदाच्या किंवा पत्र्याच्या घरात आढ्याला राहतं, रात्री फिरतं. पाण्याशी त्याचा संबंध आपल्याइतकाच, तहान लागली की. मराठीत ऊद म्हणजे धुपासारखा सुवासिक पदार्थही असतो, आणि उदमांजराच्या शेपटीखालच्या ग्रंथीतून वास सुटतो. त्याच्या नावातला 'उद' वासाकडून आला म्हणावा तर तेही पटण्यासारखं आहे.

या उदमांजरालाच खेड्यापाड्यात मसन्याऊद म्हणतात. मसणवटीत जाऊन मढी उकरतो, लहान पोरं पळवतो, अशी त्याची बदनामी. प्रत्यक्षात दोन ते पाच किलोचं हे जनावर पिकलेली जांभळं आणि उंदीर शोधत हिंडत असतं. काळा मुखवटा घातल्यासारखं तोंड, रात्री चमकणारे डोळे आणि पत्र्यावर धडधड आवाज, एवढ्यावर त्याची भुताटकी झाली.

आता नाव बदललं की काय होतं ते पाहा. तळ्याकाठी किंवा विहिरीत कुणाला लांब शेपटीचं, ओलं, करड्या रंगाचं जनावर दिसतं. कधी न पाहिलेलं. एक जण म्हणतो, मसन्याऊद आहे. पाच मिनिटांत विहिरीभोवती पन्नास माणसं आणि गावातली कुत्री. कुणीतरी काठी, कुणीतरी दगड उचलतो. तिथं पहिल्याच माणसानं 'पाणमांजर आहे, मासे खाणारं आहे' असं म्हटलं असतं तर गर्दी तरी कमी झाली असती.

दोघांतला फरक लांबूनही कळतो. पाणमांजर आखूड पायांचं, शेपटी मुळाशी जाड आणि टोकाकडं निमुळती, पायाच्या बोटांत पडदा, अंग एकसारखं तपकिरी, गळ्याखाली फिकट. झाडावर चढत नाही. उदमांजर सडपातळ, शेपटी लांब आणि केसाळ, तोंडावर काळा पट्टा, आणि घाबरलं की भिंत किंवा झाड गाठतं. मुंगूस तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं, दिवसा बांधावरून पळणारं, दोघांपेक्षाही लहान.

इंदापूरची विहीर

२०२५ च्या सुरुवातीला पुणे जिल्ह्यातल्या इंदापुरात एक जनावर विहिरीत अडकलं होतं. उजनीच्या पाणलोटाचा हा भाग. लोकांनी कळवलं, वन विभाग आणि प्राणी बचाव पथकानं त्याला बाहेर काढलं. पाणमांजर आहे हे दिसत होतं, पण कुठलं? नीट पाहिल्यावर ते युरेशियन ऑटर निघालं. ही जात हिमालयात, ईशान्येत, दक्षिणेतल्या डोंगरांत, अलीकडं मध्य प्रदेशच्या जंगलांतही कॅमेऱ्यात टिपली गेली होती. महाराष्ट्रातली तिची पहिली पक्की नोंद म्हणून या विहिरीची बातमी झाली.

फरक कशावरून कळला? नाकावरून आणि शेपटीवरून. स्मूद-कोटेडच्या नाकाची वरची कड जवळपास सरळ असते, युरेशियनची कड खालीवर, इंग्रजी डब्ल्यूसारखी. स्मूद-कोटेडची शेपटी चपटी, युरेशियनची गोलसर. एवढ्याशा खुणेवर एका राज्याच्या प्राण्यांच्या यादीत नवं नाव चढलं. ते जनावर दगडानं मेलं असतं तर यादी तशीच राहिली असती, आणि गावात मसन्याऊद मारल्याची गोष्ट तेवढी उरली असती.

शेतातल्या विहिरी हा आपल्याकडंही मोठा धोका आहे. कठडा नसलेल्या विहिरीत कोल्हा, रानमांजर, कधी बिबट्यासुद्धा पडतो. पाणमांजर पोहण्यात पटाईत असलं तरी बांधीव विहिरीच्या सरळ भिंतीवर त्याला चढता येत नाही, आणि शेवटी तेही थकतं.

अंजनेपासून गोदावरीपर्यंत

पिशोरची अंजना पुढं पूर्णेला मिळते. पूर्णा येलदरी, सिद्धेश्वर धरणांतून जात परभणी जिल्ह्यात गोदावरीला मिळते. पाणमांजराच्या नजरेनं ही एकच वाट आहे. नदीकाठानं ते रात्रीत काही किलोमीटर सहज जातं. गोदावरीच्या वरच्या अंगाला नाशिक जिल्ह्यात नांदूरमध्यमेश्वर अभयारण्य आहे, २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर पाणथळ म्हणून ते जाहीर झालं. तिथल्या प्राण्यांच्या यादीत पाणमांजराचं नाव आहे.

त्याच्या गरजा फार नाहीत, पण सगळ्या अवघड झाल्यात. वर्षभर टिकणारे डोह. मासे. काठावर झाडोरा आणि मुळांखाली किंवा खडकांत बीळ करायला जागा. माणसांची फार वर्दळ नको. जिथं नदी पावसाळ्यापुरती वाहते, डोहातली वाळू उपसून गेलेली असते आणि काठ थेट उसापर्यंत नांगरलेला असतो, तिथं त्याला राहता येत नाही. लहान प्रकल्पांच्या तलावात पाणी आणि मासे असले तरी दोन तलावांमधला नाला कोरडा पडला तर एका तलावाचं पाणमांजर दुसऱ्याला मिळत नाही.

आणखी एक गोष्ट शेतकऱ्यांच्या कामाची आहे. इंग्लंडमध्ये १९५० च्या दशकाच्या शेवटी ऑटर अचानक गायब व्हायला लागले. शिकार कारण असेल असं आधी वाटलं. नंतर कळलं की बियाण्याला चोळायच्या आणि मेंढ्यांना बुडवून काढायच्या डिल्ड्रिनसारख्या औषधांमुळं हे होत होतं. शेतातून पाण्यात, पाण्यातून माशात, माशातून ऑटरमध्ये ते विष साठत गेलं. अशी औषधं बंद झाल्यावर ऑटर हळूहळू परतले. इंग्लंडच्या प्रत्येक काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, ते पुन्हा दिसले असं जाहीर व्हायला २०११ साल उजाडलं. फवारणीचा पंप नाल्यात धुताना ही पन्नास वर्षं आठवायला हरकत नाही.

मच्छीमाराची बाजू

मत्स्यबीज सोडून तलाव ठेक्यानं घेणाऱ्याला पाणमांजराचं कौतुक सांगणं सोपं नाही. त्याचा रोहू, कटला, मृगळ पाण्यात असतो आणि जाळं फाटलं तर पदरचे पैसे जातात. ही तक्रार जगभर आहे. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात ऑटर जवळपास संपले होते. १९८२ पासून दहा वर्षांत तिथल्या सरकारनं दुसऱ्या राज्यातून आणून ८०० च्या वर ऑटर सोडले. ते इतके वाढले की तळ्यात मासे पाळणारे ओरडायला लागले, आणि १९९६ पासून तिथं हंगामापुरती शिकार खुली करावी लागली.

आपल्याकडं परिस्थिती उलट आहे. इथं संख्या मुळातच कमी, म्हणून कायदा कडक. स्मूद-कोटेड आणि स्मॉल-क्लॉड या दोन्ही जाती जागतिक यादीत धोक्यात आलेल्या म्हणून नोंदल्यात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार पाणमांजराला मारणं, पकडणं, पाळणं, त्याची कातडी बाळगणं किंवा विकणं हा गुन्हा आहे आणि त्यात तुरुंगवासाची शिक्षा आहे. गोंडस दिसतंय म्हणून पिल्लू घरी आणणंही त्यातच येतं. जपानमध्ये ऑटर पाळायची टूम निघाली तेव्हा आशियातून पिल्लांची चोरटी विक्री वाढली, आणि २०१९ मध्ये या दोन जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करण्यात आला.

एक दिलासा असा की पाणमांजराला सावकाश पोहणारा, सहज सापडणारा मासा आवडतो. त्याच्या ताटात तिलापियासारखे तलावात माजणारे मासेही असतात. शेततळ्याला चारी बाजूंनी जाळीचं कुंपण बहुतेक ठिकाणी असतंच. त्याची खालची कड जमिनीत गाडली तर पाणमांजर आत शिरायला कचरतं, आणि लहान पोरंही आत जात नाहीत.

वाक्यात वापरायचं कसं?

पोरांच्या वहीसाठी थोडं. स्पेलिंग सोपं आहे. मोबाइलवर सिनेमे बघायच्या 'ओटीटी'ची तीन अक्षरं लिहा आणि पुढं 'ई', 'आर' जोडा. उच्चार 'ऑटर', 'ओटर' नव्हे. 'रिव्हर' आणि 'ऑटर' हे दोन वेगळे शब्द, मध्ये आडवी रेघ नाही. नुसतं ऑटर असेल तर आधी 'ॲन' येतं, 'ॲन ऑटर'. पण 'रिव्हर' जोडलं की 'अ रिव्हर ऑटर', कारण आता सुरुवात 'र'नं होते. परीक्षेत इथं हमखास गुण जातात. अनेकवचन 'ऑटर्स'. पाण्यात तरंगणाऱ्या टोळीला इंग्रजीत 'राफ्ट' म्हणतात, म्हणजे तराफा. जमिनीवर हुंदडणाऱ्या टोळीला 'रोम्प'.

'देअर इज ॲन ऑटर इन द रिव्हर' म्हणजे नदीत एक पाणमांजर आहे. 'रिव्हर ऑटर्स ईट फिश' म्हणजे पाणमांजरं मासे खातात. दुसऱ्या वाक्याचं मराठी करताना 'नदीतली पाणमांजरं' असं लिहायची गरज नाही, कारण 'पाण' आधीच शब्दात आलेलं आहे.

शब्द दुसरीकडंही भेटतो. कोकणातल्या ट्रॉलर बोटींच्या जाळ्याचं तोंड उघडं ठेवायला दोन बाजूंना ज्या जड फळ्या लावतात, त्यांना 'ऑटर बोर्ड' म्हणतात. बोलणं ऐकून लिहून देणारं 'ऑटर' नावाचं मोबाइल ॲपही आहे. तिथं पाणमांजर शोधू नका.

आणि प्रत्यक्ष दिसलंच तर? जवळ जाऊ नका, कुत्री बांधा, गर्दी हटवा. विहिरीत असेल तर स्वतः उतरू नका. वन विभागाचा 'हॅलो फॉरेस्ट' टोल फ्री क्रमांक १९२६ आहे, त्यावर फोन करा. फोनवर 'ऊद' म्हणू नका, समोरचा उदमांजर समजेल. 'पाणमांजर' म्हणा, गाव, शिवार आणि विहिरीचा गट नंबर सांगा. लांबून फोटो काढायचा तर तोंड समोरून आणि शेपटी पूर्ण येईल असा काढा. नुसता पाठमोरा, पळतानाचा फोटो कुणालाच ओळखता येत नाही. जनावर निघून गेलं असेल तर ओल्या वाळूतल्या पावलांचा फोटो घ्या आणि शेजारी काडेपेटी ठेवा, म्हणजे आकार कळतो. पाच बोटं आणि मधल्या पडद्याची पुसट खूण दिसली, जवळ खवले आणि काटे असलेली, माशाचा वास येणारी विष्ठा सापडली, तर पाणमांजर येऊन गेलं असं समजा.